आधी चालवून बघा, मग द्या

प्रति,
ठाण्यातल्या सर्व गृहनिर्माण सोसायट्यांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कमिटी मेंबर यांस,

स.न.वि.वि.

सप्टेंबर जवळ आला की नोटीस बोर्डावर वार्षिक सर्वसाधारण सभेचा कागद लागतो. पार्किंग, लीकेज, थकबाकी, पुन्हा पार्किंग. सगळ्यात शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय', आणि तिथपर्यंत गाडी येते तेव्हा निम्मी मंडळी वडा-चहा उरकून लिफ्टपाशी उभी असतात. माझा विषय त्या शेवटच्या ओळीतला. गेल्या वर्षी मांडायला उठले, तर "काकू, तुम्ही लेखी द्या ना," म्हणाले. लेखी देते आहे. एकट्या आमच्या कमिटीला दिला तर कागद फाइलीला लागेल, म्हणून सगळ्यांनाच देते आहे.

विषय: घरातल्या नको झालेल्या वस्तू. मिक्सर, पंखे, कूलर, वॉशिंग मशीन, फ्रिज. दिवाळीची साफसफाई निघाली की आपण त्या 'कुणाला तरी देऊन टाकतो'. त्या 'देऊन टाकण्या'बद्दल मला बोलायचं आहे.

मी कोण, ते आधी सांगते. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं मोटर वाइंडिंग केलं, म्हणजे मोटरच्या आत तांब्याची तार गुंडाळायचं काम. आमच्या खात्यात सगळ्या बायकाच. बायकांची बोटं बारीक, तार तुटत नाही, असं साहेब म्हणायचे. पगारही बारीकच द्यायचे. कारखाना बंद झाल्यावर सावरकर नगरच्या घरी लोकांचे मिक्सर आणि पंखे दुरुस्त करत बसले, त्यावर मुलाची दोन वर्षांची फी निघाली. आता त्याच मुलाकडे घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर राहते. खिडकीतून खाडी दिसते आणि गायमुखचा ट्रॅफिक. हात मात्र स्वस्थ बसत नाहीत.

तर चार वर्षांपूर्वीची दिवाळी. मुलानं फुल्ली ऑटोमॅटिक मशीन आणलं होतं. जुनं सेमी-ऑटोमॅटिक दोन वर्षं बाल्कनीत उभं, वर कुंड्या ठेवलेल्या. आमच्याकडे भांडी-लादीला येणाऱ्या ताईंना म्हटलं, घेऊन जा गं, चांगलं आहे. ती हो म्हणाली. ती नेहमीच हो म्हणते. लोकमान्य नगरात, पार डोंगराच्या कडेला तिची खोली. टेम्पो रस्त्यापर्यंतच जातो, पुढे पायऱ्या. टेम्पोचे ८०० दिले, पायऱ्या चढवायला दोन पोरं लावली त्यांचे ३००. मशीनमध्ये पाणी भरलं, धुण्याची बाजू फिरली, पिळायची बाजू नुसती हूं करून बसली. मेकॅनिकनं बघायचे २५० घेतले आणि सांगितलं, मोटर जळाली आहे. भंगारवाल्यानं त्या मशीनचे ६०० दिले. म्हणजे माझ्या दिवाळीच्या भेटीनं तिला ७५० रुपयांचा खड्डा पडला, एक खाडा झाला तो वेगळा.

हे तिनं मला सांगितलं नाही. पाच महिन्यांनी तिची मुलगी बोलता बोलता बोलून गेली.

मला जे लागलं ते हे, की तो 'हूं' मी मशीन देण्याच्या दोन वर्षं आधीच ऐकला होता. ऐकून मशीन बंद केलं होतं आणि विसरले होते. स्पिनच्या टबाखाली एक रबरी सील असतं. ते झिजलं की पाणी थेंब थेंब खालच्या मोटरवर पडतं, बेअरिंग गंजतं, मोटर जाम होते, आणि जाम मोटरला वीज देत राहिलं की वाइंडिंग जळतं. एकोणीस वर्षं हेच केलेली बाई मी. झाकण उघडून नाक जरी आत घातलं असतं तरी तारेवरच्या जळक्या वार्निशच्या वासावरून कळलं असतं. पण साफसफाईची घाई होती, जागा अडत होती, आणि खरं सांगायचं तर देण्याचं समाधान आयतंच मिळत होतं.

लहानपणी कीर्तनात ऐकलेली नचिकेताची गोष्ट आठवली. बाप यज्ञात गायी दान करतोय, आणि त्या कशा, तर पाणी पिऊन झालेल्या, चारा खाऊन झालेल्या, दूध देऊन संपलेल्या. पोराला ते बघवत नाही. आपल्या टॉवरांमधून दर दिवाळीला अशाच गायी बाहेर पडतात. घेणारा टेम्पोही स्वतःच करतो.

त्यानंतर मी कुणालाही वस्तू चालवून दाखवल्याशिवाय दिलेली नाही. आणि मग लक्षात आलं, की जे आपण 'गेलं' म्हणून टाकतो त्यातलं पुष्कळसं गेलेलं नसतंच.

आमच्या विंगमधल्या एका सूनबाईचा मिक्सर घ्या. डाळ वाटताना बंद पडला. नवा बघून ठेवला होता, जुना खाली कचऱ्याच्या खोलीत पाठवायला दारात ठेवलेला. मी उलटा केला. बहुतेक मिक्सरच्या तळाला एक छोटं लाल बटण असतं. भांड्यात जास्त भरलं, मोटर तापली, की ते आपणहून बाहेर येतं आणि वीज तोडतं. मोटर जळू नये म्हणून केलेली सोय. गार झाल्यावर बोटानं आत दाबलं, मिक्सर सुरू. तिचा चेहरा असा झाला, जसं मी काही जादू केली. दुसरीकडे मोटर फिरत होती, पण भांडं फिरत नव्हतं. तिथे भांड्याला फिरवणाऱ्या वरच्या काळ्या कपलरचे दात झिजले होते. मी स्टेशनजवळून नवा कपलर आणला, ४० रुपयांना. तिसऱ्या मिक्सरमध्ये ठिणग्या आणि वास. उघडला, तर कार्बन ब्रश झिजून नखाएवढे उरलेले. खडूच्या तुकड्यासारख्या दोन काळ्या कांड्या बदलायच्या, बास. पंख्याचं तर विचारूच नका. हळू फिरतो, हातानं ढकलल्यावर सुरू होतो, म्हणजे दहातल्या आठ वेळा मोटरला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर गेलेला. घरघर करतो, म्हणजे बेअरिंग. आजकाल ज्याला त्याला तीसेक वॅटचे बीएलडीसी पंखे बसवायचेत. बसवा, वीज वाचतेच, जुना पंचाहत्तर वॅट ओढायचा. पण उतरवलेले चार पंखे कचऱ्याच्या खोलीत भिंतीला टेकवून उभे असतात, आणि खाली वॉचमनच्या खोलीत मे महिन्यात एकही पंखा नसतो, हे कुणाला खटकत कसं नाही?

माझ्याकडे एक सिरीज बोर्ड आहे. लाकडी फळीवर एक होल्डर, त्यात १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब, शेजारी एक प्लग पॉइंट. तपासायची वस्तू या बल्बमधून लावायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब भकभकीत पेटतो, पण मेन उडत नाही. झटक्यापासून मात्र ही फळी वाचवत नाही, हात जपूनच लावायचा. पंख्यासारखी वस्तू धड असेल तर बल्ब मंद लागतो. एलईडी इथे चालत नाही, म्हणून तो बल्ब मी कापसात गुंडाळून ठेवते. सोसायटीकडून मला मोठं काही नको आहे, या फळीला ठेवायला एक टेबल हवं आहे.

आता कमिट्यांबद्दल. रागावू नका. लॉबीत, जिन्यात वस्तू ठेवल्यास दंड, हा नियम बरोबरच आहे. आग लागली तर जिना मोकळा हवा. पण मग वस्तू ठेवायची कुठे, हे नोटीस सांगत नाही. ती जाते डेब्रिजच्या कोपऱ्यात. तिथे दोन पाऊस खाल्ले की दुरुस्तीलायक असलेलीही भंगार होते. फ्रिजचं तर वाईट होतं. कुणीतरी तांब्यासाठी मागची नळी पक्कडीनं तोडतं, फुस्स आवाज येतो आणि आतला गॅस हवेत. जुन्यांपैकी पुष्कळ फ्रिजमध्ये आर-१३४ए असतो, आणि तो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पट भारी. नव्या फ्रिजमध्ये बहुधा आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्या भावकीतला. तो पेट घेतो. बेसमेंटमध्ये, गाड्यांच्या मध्ये, हे चाललेलं असतं.

दुसरं, मेकॅनिक. ओळखीचा एक पोरगा चांगलं काम करतो. गेटवर त्याचा फोटो, ॲपवर एंट्री, मालकाचा फोन लागेना, पाऊण तास उन्हात. रविवारी बाहेरच्या कामगारांना बंदी, आणि नोकरी करणारी माणसं घरी असतात ती रविवारीच. तो आता मला सांगतो, "काकू, टॉवरची कामं मी घेतच नाही, चाळीतली परवडतात." केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, दुरुस्ती हा ग्राहकाचा हक्क म्हणून. चांगलंच केलं. पण गेटवर अडवलेल्या पोराला पोर्टल आत कसं सोडणार? ती सोय आपल्या हातात आहे.

सगळंच दुरुस्त करून वाटा, असंही माझं म्हणणं नाही. काही वस्तू देऊच नयेत. टाकी गळणारा गिझर नको. ज्याच्या पत्र्याला टेस्टर लावल्यावर दिवा लागतो असं काहीही नको, कारण ज्या खोलीत ते जाणार तिथे अर्थिंग असेलच असं नाही. मायक्रोवेव्ह मीही उघडत नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो. पिक्चर ट्यूबचा टीव्ही आता कुणाला नकोच असतो, आणि त्याच्या काचेत शिसं असतं, तो फोडायचा नाही.

फ्रिज देताना तर दहादा विचार करा. तो चालतो, गार करतो, एवढ्यानं भागत नाही. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटचा दर एक, १०१ ते ३०० चा दुसरा, आणि दुसरा पहिल्याच्या बराच वर. एका खोलीचं घर, दोन पंखे, तीन दिवे, एक टीव्ही, हे कसंबसं शंभरच्या आत बसतं. त्यात आपला म्हातारा फ्रिज गेला आणि रोज दोन युनिट खाऊ लागला, की महिन्याला साठ युनिट वाढली, त्यातली बरीचशी वरच्या दरानं. भाड्याच्या खोलीत घरमालकाचं सबमीटर असलं तर तो म्हणेल तो दर. आपण दान करतो आणि त्याचा हप्ता ती दर महिन्याला फेडते. म्हणून देण्याआधी दारात दहाची नोट धरून दार लावून बघा. ओढल्यावर सुळकन बाहेर आली तर दाराचं गॅस्केट, म्हणजे कडेची रबरी पट्टी, गेलं. कॉम्प्रेसर मग थांबतच नाही. गॅस्केट बदलता येतं. बदला आणि मग द्या. मीटर लावून एक दिवस चालवा, किती युनिट खातो ते कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. घ्यायचा की नाही, ते ती ठरवेल.

ठरवायची मुभा, हाच यातला नाजूक भाग. जिच्या पगाराची तारीख आपल्या हातात, ती 'नको' कशी म्हणणार? ताईंना मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही एवढ्या प्रेमानं दिलं, नाही कसं म्हणायचं काकू?" शिवाय काही घरांत दिवाळीला मशीन दिलं म्हणून बोनस अर्धा होतो. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्यासमोर लिफ्टमध्ये झालेलं बोलणं आहे. भंगार बोनसमधून वळतं करून घेणाऱ्यांना काय म्हणावं, ते मी लेखी देत नाही.

म्हणून यादी उलटी करा. काय द्यायचं आहे याची नको, काय हवं आहे याची. गेल्या उन्हाळ्यात मी आमच्या वॉचमन मंडळींना, हाऊसकीपिंगच्या बायकांना सहज विचारलं. मशीन कुणीच मागितलं नाही. ठेवायला जागा नाही, पाण्याला प्रेशर नाही. एकानं टेबल फॅन मागितला. दोघींना मिक्सर. एकीला इस्त्री, मुलाच्या शाळेच्या युनिफॉर्मसाठी. आणि एकानं विचारलं, "काकू, शिकवाल का?"

तो प्रश्न मला सगळ्यात आवडला. वागळे इस्टेटला आपली सरकारी आयटीआय आहे. इलेक्ट्रिशियन ट्रेडची पोरं तिथे दोन वर्षं शिकतात. त्यांना खरोखरीची बिघडलेली वस्तू हाताळायला मिळाली तर सोन्याहून पिवळं. कमिटीनं एक पत्र पाठवून विचारायला काय हरकत आहे? महिन्यातला एक रविवार, क्लब हाऊसचा एक कोपरा, दोन टेबलं, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावलेला एक पॉइंट, म्हणजे चुकून झटका बसला तरी वीज लगेच तुटेल. एक नीट मेकॅनिक, त्याला दिवसाचे पैसे. फुकट राबवायचं नाही, समाजसेवा म्हणून तर अजिबात नाही. खर्च कुठून, असं खजिनदार विचारतीलच. सिंकिंग फंडाला हात लावायची गरज नाही. नवरात्रातला डीजे एक दिवस लवकर बंद करा, वर्षाचा मेकॅनिक निघेल. कानांनाही बरं.

परदेशात याला 'रिपेअर कॅफे' म्हणतात. पहिला २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला भरला. आपल्याला कॅफे नको, टपरीवरचा चहा पुरेल. आणि बॅनर नको, फोटो नको. घेणाऱ्याच्या हातात मिक्सर देऊन पाच जणांनी त्याला धरून उभं राहायचं, हे दृश्य मला बघवत नाही.

एक वही मात्र हवी. वस्तू कुठल्या विंगमधून आली, काय बिघडलं होतं, काय बदललं, आता काय चालत नाही. 'तीन नंबरचं बटण चालत नाही' हे लिहून द्यायला लाज कसली? वस्तू घरपोच पोचवायचा टेम्पो देणाऱ्याचा. हा एक नियम मी अजिबात सोडणार नाही. कुणाचं नुकसान झालं त्यावरून तो शिकलेय.

जे दुरुस्त होणारच नाही त्याचं काय? ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. आधी यादीत २१ प्रकार होते, आता १०६. फ्रिज, वॉशिंग मशीन, इस्त्री सगळं त्यात येतं, आणि स्वतः विकलेल्या मालाच्या ठरावीक प्रमाणात माल नोंदणीकृत रिसायकलरकडे मोडला जाईल याची जबाबदारी कंपन्यांवर आहे. एकेका फ्लॅटनं फोन करत बसण्यापेक्षा सोसायटीनं दोन-तीन महिन्यांचं साठवून एकदम उचलायला लावलं तर गाडी येईल. आमच्या भंगारवाल्या भाऊंनाही यातून वगळू नका. पंखा, पत्रा, तांबं वेगळं करण्यात त्यांच्याइतका हात कुणाचा बसलेला नाही. कुठली मोटर तांब्याची आणि कुठली ॲल्युमिनियमची, हे ते उचलूनच सांगतात. त्यांना फक्त एवढं सांगा, की तारा जाळायच्या नाहीत आणि फ्रिजची नळी तोडायची नाही. दिवा गावच्या डंपिंग ग्राउंडशेजारच्या लोकांनी आपल्या कचऱ्याचा धूर वर्षानुवर्षं खाल्ला आहे, त्यात आणखी भर नको.

ताईंचे ७५० रुपये मी परत केले. घेत नव्हती. शेवटी म्हटलं, दान नाही गं, माझी चूक आहे, तेव्हा घेतले. यंदा तिला मिक्सर दिला, तिच्यासमोर शेंगदाण्याचं कूट करून दाखवून. मोठं भांडं थोडं गळतं, हे आधीच सांगितलं. ती म्हणाली, मोठं लागतच नाही.

सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, तेव्हा अजून वेळ आहे. विषयपत्रिकेत पार्किंगच्या आधी टाकलात तर उपकार होतील.

तोवर एक तातडीची विनंती, ही आमच्या कमिटीला. बी विंगच्या तळमजल्यावर जिन्याखाली परवापासून एक कूलर पडून आहे. पंप अडकलेला दिसतो, पंखा हातानं मोकळा फिरतो. सोमवारी गाडी येते तेव्हा तो टाकू नका, असं वॉचमनला सांगून ठेवलंय. तो म्हणतो, सेक्रेटरी साहेबांची चिठ्ठी लागेल. ती चिठ्ठी रविवार संध्याकाळपर्यंत द्यावी. पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे आहे.

आपली,
एक रहिवासी, घोडबंदर रोड, ठाणे
(पूर्वीची मोटर वाइंडिंगवाली)